देवयानीपर्यंत पंचवीस पराती

माझ्या लग्नातली पितळी परात दोन फूट रुंद आहे. जावेची अडीच फूट. ती माझ्यामागून चार वर्षांनी या घरात आली. तेव्हापासून कुठल्याही कार्यात पीठ मळायची वेळ आली की ती म्हणते, "आक्का, तुमची ऱ्हाऊ द्या, त्यात काय मावतंय." चाळीस वर्षं मी हे ऐकून घेतलं. गेल्या हिवाळ्यात तर शास्त्रज्ञांनीच तिची बाजू घेतली, आणि त्याला कारण माझी नात.

नात नववीत आहे. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या अलीकडे. तिच्या शाळेतून एका मुलीला बारामतीच्या विज्ञान प्रदर्शनाला पाठवणार होते. तिथं जी दहा पोरं निवडली जातील, त्यांना जुन्नरकडच्या मोठ्या दुर्बिणी बघायला दोन दिवस नेणार होते. आमच्या पोरीला त्या दुर्बिणी बघायच्या होत्या. तिनं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. कपडे मागत नाही, मोबाइल मागत नाही. दुर्बिणी.

तिनं विषय घेतला होता, आपली आकाशगंगा सोडून माणूस दुसऱ्या आकाशगंगेत जाऊ शकेल का. शाळेत ती बोलली, चांगली बोलली म्हणे. मग पाहुणे म्हणून आलेल्या एका सरांनी विचारलं, "निघालेली माणसं तर वाटेतच मरणार. पोचणार ती वाटेत जन्मलेली. त्यांना कुणी विचारलं होतं का, यायचंय म्हणून? मग एवढा खटाटोप कुणासाठी?" पोरीला उत्तर आलंच नाही. तिच्या बाईंनी तरी तिचंच नाव पुढं ठेवलं, पण बजावलं की सोमवारपर्यंत एकतर उत्तर शोध, नाहीतर विषय बदल.

माझा मुलगा माळेगावला साखर कारखान्यात ड्युटीला जातो. तो घरी आला, त्यानं सगळं ऐकलं आणि चप्पल काढायच्या आत निकाल दिला.

"ठिबकचं मॉडेल कर. दोन नळ्या, एक बाटली, झालं. सगळ्यांना कळतंय."

"सगळेच ठिबक करत्यात, पप्पा."

"मग? सगळे करत्यात म्हंजे चांगलंच असंल की. आभाळात जाऊन काय करायचंय? हितं मोटार जळली तर आठ दिस कोण बघत न्हाय."

पोरगी आत जाऊन बसली. रडली नाही. ती रडत नाही, भांडी घासते. तिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली तेव्हा मी उठून गेले.

खरं सांगायचं तर तोपर्यंत मला त्या विषयात काही रस नव्हता. मी चौथी शिकलेली बाई. आकाशगंगा म्हणजे डोक्यावरचा तो पांढरट पट्टा, एवढं मला माहीत होतं. पण त्या सरांचा प्रश्न मला झोंबला. हा काय प्रश्न झाला? वाटेत जन्मलेल्याला कुणी विचारलं होतं का? मला कुणी विचारलं होतं?

मी वाटेतच जन्मले. आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की पाच-सहा बिऱ्हाडं मिळून निघायची. त्या सगळ्या टोळीलाच आमच्यात वाडा म्हणतात. घोड्यांवर संसार लादायचा, आणि इकडून चालत चालत घाट उतरून कोकणात. पाऊस लागायच्या आधी परत. माझी आई एका नदीच्या काठाला बाळंत झाली. कुठली नदी ते तिलाही सांगता यायचं नाही. तिसऱ्या दिवशी ती चालायला लागली. आधार कार्डावर माझी जन्मतारीख एक जानेवारी आहे, ती साफ खोटी आहे. लिहिणाऱ्याला काहीतरी लिहायचं होतं, त्यानं लिहिलं.

माझी आजी एका वर्षी घाटाखाली वारली. जे करायचं ते त्याच संध्याकाळी केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडा हलला, कारण त्या माळावर चारा उरला नव्हता. कुणाला दुःख झालं नाही असं नाही. पण मेंढराला ते कळत नाही, त्याला भूक कळते.

हे मी नातीला भांड्यांजवळ उभं राहून सांगितलं. तिनं नळ बंद केला.

"म्हंजे निघताना किती माणसं, पोचताना किती, हे कोण बघायचंच न्हाय?"

"बघायचे की. पण त्यासाठी कोण थांबत न्हवतं."

"आज्जी," ती म्हणाली, "तू मला मदत कर."

मी म्हटलं मला त्यातलं काही येत नाही. ती म्हणाली, तेच बरं हाय.

पहिली गोष्ट म्हणजे अंतर. तिनं मला समजावलं. आपली आकाशगंगा ताटासारखी चपटी आहे. आपला सूर्य, आपली पृथ्वी, डोळ्यांना दिसतात ते सगळे तारे त्या एका ताटात. तशीच दुसरी मोठी आकाशगंगा आपल्या शेजारी आहे, तिचं नाव देवयानी.

"बाईचं नाव?"

"व्हय."

"बरं केलं. लांब हाय?"

"आपली परात आकाशगंगा धरली, तर मधी पंचवीस पराती बसतील. उजेडाला तिथनं हितं यायला पंचवीस लाख वर्षं लागत्यात. आणि ती आपल्यापेक्षा मोठी हाय."

"कितीनं?"

तिनं इकडंतिकडं बघितलं. मला कळलं ती काय शोधते आहे. म्हणून देवयानीसाठी जावेची परात आणावी लागली. जावेला कारण सांगितल्यावर तिच्या तोंडावर जे आलं ते मी इथं लिहीत नाही. एवढंच म्हणाली, "आता तर वर आभाळातबी ठरलं म्हणायचं, आक्का."

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेली आणि मी एकटीच मोजायला लागले. ओट्यापासून सुरुवात केली. परात ठेवायची, कडेला दगड ठेवायचा, परात उचलून पुढं ठेवायची. पंचवीस वेळा. माझे गुडघे कसे आहेत ते मला माहीत, पण मोजमापात मी कुचराई केली नाही. पंचविसावा दगड हौदाजवळ आला. तिथं मी जावेची परात उपडी घातली आणि चहा टाकला.

संध्याकाळी पोरगी आली, ओट्यावर उभी राहिली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. मग टेप घेऊन आली.

"आज्जी, पन्नास फूट पायजे होतं. हे सरळ मोजलं तर पस्तीसबी न्हाय."

"पंचवीस पराती हायत. दगड मोज."

तिनं दगड मोजले. पंचवीसच होते. तेवढ्यात माझा मुलगा चहाचा ग्लास घेऊन बाहेर आला, त्यानं दगडांची ओळ बघितली आणि हसायला लागला. असा हसला की चहा सांडला. ओटा आणि हौद यांच्यामध्ये आमचा गुरांसाठी लावलेला घास आहे, चांगला गुडघाभर वाढलेला. माझी दगडांची ओळ त्या घासाच्या बांधाबांधानं, तीन बाजूंनी वळसा घालून गेली होती.

"आये, अवकाशात कुणाचा गं घास लावलाय? मधनं जायचं की सरळ!"

"तुझ्या आज्ज्यानं उभ्या पिकातनं कधी पाय टाकला न्हाय," मी म्हटलं. "टाकला असता तर माघारी आला नसता."

मी चुकले होते, ते मला तेव्हाच कळलं. पण मोजताना एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की मधून जाता येतं. उभं पीक दिसलं की वळसा घालायचा, हे माझ्या पायांना लहानपणापासून माहीत. मेंढरं पिकात गेली तर शेतकरी काठ्या घेऊन येतात, आणि मग त्या गावातून पुन्हा कधी वाट मिळत नाही.

पोरगी मात्र हसली नाही. ती त्या वळशाकडंच बघत होती.

"आज्जी, पीक टाळून जायचा, तर थांबायचा कुठं?"

"कापणी झालेल्या रानात. मेंढरं बसवायची रात्रभर. त्याच्या रानाला खत मिळतं, तो आपल्याला दाणे देतो. सकाळी पुढं."

"म्हंजे थांबायला जागा हायत म्हणून वाट हाय."

"न्हायतर कसली वाट? नुसतं रान."

ती ओट्यावर बसली. मग तिनं सांगितलं ते ऐकून मी पण बसले. ताटाच्या आत तारे आहेत, एकापासून दुसऱ्यापर्यंत मुक्काम करत जाता येईल, म्हणजे पुढं कधीतरी. पण ताट संपलं की देवयानीपर्यंत मध्ये जवळजवळ काहीच नाही. ना तारा, ना ऊन, ना माती. पंचवीस परातींचं रिकामं.

"मग खायाचं काय?" मी विचारलं.

"तेच तर."

"आणि आतापर्यंत माणूस कुठवर गेलाय?"

"चंद्रावर."

"तो या परातीत कुठं येतो?"

"दिसणार न्हाय. धुळीचा कणबी मोठा हुईल."

"मग आपण अजून उंबऱ्याच्या आतच हाय की गं."

यावर मुलगा पुन्हा हसला, पण आत गेला नाही. तो तिथंच कट्ट्यावर टेकला आणि म्हणाला, "घाटात कसं करायचा, आये? घाटात तर चारा न्हवता."

हे त्याला मीच कधीतरी सांगितलं असणार. घाट उतरायचा दिवस वेगळा असायचा. आदल्या मुक्कामाला मेंढरं पोटभर चारून, पाणी पाजून घ्यायची. भाकरी दोन दिवसांच्या. पाणी कातड्याच्या पखालीत. त्या दिवशी वाटेत काही मिळणार नाही असं धरूनच निघायचं. म्हणजे गाव मागं ठेवून जायचं नाही, गाव घोड्यावर घालून न्यायचं.

"अख्खा सूर्य घोड्यावर घालून न्यावा लागंल," पोरगी म्हणाली, आणि मग एकदम उभी राहिली. "थांब. तसं हाय! तसं खरंच हाय!"

तिनं वही आणली. त्यात तिनं कधीतरी लिहून ठेवलं होतं, पण तिला त्याचा उपयोग सुचला नव्हता. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध काहीतरी अंधारं, प्रचंड जड आहे. एखादा तारा त्याच्या फार जवळून गेला तर गोफणीतल्या दगडासारखा भिरकावला जातो, इतका जोरात की तो ताटाबाहेरच निघून जातो. असे बाहेर पडलेले तारे लोकांनी बघितले आहेत. त्या ताऱ्याभोवती एखादी पृथ्वी टिकून राहिली, तिच्यावर माणसं राहायला गेली, तर त्यांना वेगळं निघायची गरजच नाही. ऊन, माती, सगळं बरोबर.

"चालत्या गाडीला लटकायचं," मी म्हटलं.

लहान असताना आम्ही हेच करायचो. माळेगावकडं निघालेल्या उसाच्या बैलगाड्या वाटेत लागायच्या. गाडीवान पुढं झोपलेला असला की मागून लटकायचं. गाडी कुणाची, आपण कुठं चाललोय, काही देणंघेणं नाही. फक्त परत चालत यायला लागायचं, हा एक तोटा.

"पण तो तारा देवयानीकडंच जाईल कशावरून?" माझ्या मुलानं विचारलं. ठिबकवाला माणूस आता असले प्रश्न विचारायला लागला होता.

"न्हाय सांगता येत," पोरगी म्हणाली. "आणि तिथवर जायला त्यालाबी कोट्यवधी वर्षं लागतील. पण आणखी एक हाय. देवयानीच आपल्याकडं यायलीय, हळूहळू. येऊन पोचेलच असं सगळे म्हणत न्हाईत, पण यायलीय."

"आगं मग कशाला जायचं? पाहुणे यायलेत म्हटल्यावर घर झाडून बसायचं!"

त्या संध्याकाळी आम्ही तिघं इतके हसलो की जाऊ बघायला आली, तिच्या परातीला काही झालं की काय. सोमवारी मुलानं ड्युटीवर जाताना नातीला एवढंच सांगितलं, "तुझं तेच ऱ्हाऊ दे. नळ्या मी आणलेल्या परत देतो."

मधल्या एका दिवशी अंधार पडल्यावर तिनं मला अंगणात नेऊन बोटानं देवयानी दाखवली. खरी, वरची. पुसट धुरकट ठिपका आहे म्हणाली. माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. मला काही दिसलं नाही. दिसलं, असं मी म्हणाले नाही.

बारामतीला आम्ही गुरुवारी गेलो, दोन पराती आणि दोन म्हाताऱ्या. जाऊ परात एकटी सोडायला तयार नव्हती. एका कॉलेजचा मोठा हॉल होता. ठिबकची मॉडेलं मी मोजली, नऊ होती. आम्हाला भिंतीकडेची लांब पट्टी मिळाली. पोरीनं खडूनं पन्नास फुटांची सरळ रेघ मारली, दोन टोकांना दोन पराती ठेवल्या. मग त्या रेघेला लागून दुसरी रेघ मारली, वळणावळणाची, माझ्या घासाच्या बांधासारखी. तिच्यावर जागोजाग गोल काढले, आमच्या वाड्याचे. मुक्काम.

मी आपल्या परातीजवळ, पोरीशेजारी उभी राहणार होते. ती म्हणाली, "तू तिकडं थांब, देवयानीपाशी. कोणतरी पोचलंय असं दिसू दे."

म्हणून मी चालत गेले. जाऊ स्टूल टाकून बसलीच होती. म्हणाली, "या आक्का, आल्या का आमच्या गावाला. चहा घेणार का?"

परीक्षक दुपारी आल्या. चष्मा, हातात वही, साधी साडी. पोरीसमोर थांबल्या. आमच्या शेजारच्या पोरानं पाण्याचा पंप चालू केला होता, त्याचा आवाज एवढा, आणि माझा एक कान असाही कामाचा नाही. पन्नास फुटांवरून मला एक अक्षर ऐकू आलं नाही. नुसतं दिसत होतं. पोरीनं हात फिरवून गोफण दाखवली. मग घोड्यावर ओझं लादल्यासारखं केलं. बाई मान हलवत होत्या. मग बाईंनी काहीतरी विचारलं आणि पोरगी गप्प झाली. तोच प्रश्न असणार. मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

"गप का झाली ती?" जाऊ म्हणाली.

"तू गप बस."

पोरगी खाली आपल्या परातीकडं बघत होती. पंप धडधडत होता. त्या पोराचा पंप बंद पाडावा असं मला वाटलं, पण मी हलले नाही, मला पोचलेली म्हणून उभं केलं होतं. मग पोरीनं मान वर केली, हात लांब करून माझ्याकडं दाखवलं आणि बोलायला लागली. फार बोलली नाही. चार-पाच वाक्यं असतील.

बाई वळल्या आणि आमच्याकडं चालत निघाल्या. सरळ रेघेनं आल्या असत्या तर लगेच आल्या असत्या. पण त्या वळणाच्या रेघेनं आल्या, एकेका गोलावर थांबत. जावेला वाटलं त्यांचा पाय दुखतोय. माझ्यासमोर येऊन त्या म्हणाल्या, "आजी, दिवाळीला निघालेली किती मेंढरं परत यायची हो?"

"काही विकली जायची, काही मरायची, काही वाटेत जन्मायची," मी म्हटलं. "पण कळप परत यायचा. गावात कुणी म्हणायचं न्हाय की हा दुसराच कळप आला."

त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. दोन्ही पराती एकदा बघितल्या, म्हणाल्या, "ही खरंच मोठी आहे," आणि पुढच्या ठिबककडं गेल्या. जाऊ दिवसभर खूश होती.

चार वाजता नावं वाचली. आमच्या पोरीचं सहावं आलं. ती धावत आली ती मधल्या रेघा पुसतच, सगळे मुक्काम पायाखाली. मी तिला विचारलं, तू त्या बाईंना सांगितलंस काय?

"मी म्हटलं, वाटेत जन्मलेलं माणूस त्या टोकाला उभं हाय. तिला कुणी इचारलं न्हवतं. तिची त्याबद्दल काय तक्रार न्हाय, तुमी स्वतः जाऊन इचारा."

तक्रारी माझ्या पुष्कळ आहेत. गुडघ्यांच्या आहेत, जावेच्या आहेत, आधार कार्डाची आहे. पण जन्माची नाही, हे तिनं खरं सांगितलं.

दुर्बिणी बघायला जायच्या आदल्या दिवशी ती पिशवी भरत होती. स्वेटर वर, टॉवेल वर, भाकरी तळाशी. मी सगळं बाहेर ओतलं.

"जे शेवटच्या मुक्कामाला लागतं ते तळाला," मी म्हटलं. "त्यावर रोजचं. सगळ्यात वर भाकरी नि पाणी."

"घोड्यावर असंच भरायचा?"

"व्हय. आणि त्याच्याबी वर कोकरू. चालता न येणारं सगळं वर बसायचं."

"तू?"

"मीबी. पहिली दोन वर्षं."

तिनं पिशवी तशी भरली. सकाळी सात वाजता शाळेची गाडी आली. पोरगी खिडकीजवळ बसली आणि गाडी हलायच्या आधीच तिनं भाकरीचं फडकं सोडलं, कारण ते वरच होतं.